ओर्चात्यात दूध घालावं का?

खारीक
टेक्सासातल्या सॅन अँटोनियोला आल्यापासून उन्हाळाभर आमच्या घरी ओर्चाता होत असतो. ज्यांनी हे मेक्सिकन पेय प्यायलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कच्चे तांदूळ आणि दालचिनी पाण्यात भिजत घालायची, मिक्सरवर वाटायची, फडक्यातून गाळायची, साखर घालून बर्फावर प्यायचं. शिजवणं नाही की आटवणं नाही.

आता माझं मत, आणि त्यावर भांडण झालं तर होऊ दे. ओर्चात्यात दूध घालणं म्हणजे तांदळावर अविश्वास दाखवणं. कंडेन्स्ड मिल्क, इव्हॅपोरेटेड मिल्क आणि वर साधं दूध अशी तिन्ही दुधं ओतलेल्या पाककृती (पाकृ) जालावर ढिगाने सापडतात. त्यात तांदूळ लागतो कुठे? दालचिनीचं गोड दूधच प्यायचं तर तांदळाला कशाला भिजवायचं?

पण एक अडचण आहे. इथल्या टाकेरियांमधला, म्हणजे टाको विकणाऱ्या खानावळींमधला, ओर्चाता चांगला दाट आणि गुळगुळीत असतो. घरचा बिनदुधाचा चवीला उजवा, पण जरा पाणचट, आणि दहा मिनिटांत ग्लासाच्या तळाशी पांढरा साका बसतो. माझं प्रमाण: १ वाटी लांब दाण्याचे तांदूळ, दालचिनीची बोटभर कांडी, सगळं मिळून ५ वाट्या पाणी, अर्धी वाटी साखर, चिमूटभर मीठ, थोडा व्हॅनिला.

दूध न घालता दाटपणा आणायची कुणाकडे युक्ती आहे का?

पावशेर
आहे. दूध घाला.

गच्ची
पावशेर +१. धागाकर्तीने उत्तर आधीच नाकारून मग प्रश्न विचारला आहे.

काठावर_पास
पॉपकॉर्न घेऊन बसतोय.

हिरवा_चाफा
खारीक, तुझं दुखणं वेगळंच आहे असं मला वाटतं. आम्ही मेक्सिकोत केरेतारोला राहत होतो तेव्हा दुपारी ऑफिसजवळच्या फोंदात जेवायचो. फोंदा म्हणजे घरगुती खानावळ. तिथे 'कोमिदा कोरीदा' मिळते: आधी सूप, मग भात किंवा शेवया, मग मुख्य पदार्थ, आणि या सगळ्यासोबत त्या दिवशीचं 'आग्वा', म्हणजे सरबत. एक दिवस लाल अंबाडीच्या फुलांचं, एक दिवस चिंचेचं, एक दिवस ओर्चाता. ते जग भरभरून टेबलावर आणून ठेवतात आणि तिखट जेवणासोबत तुम्ही ते पाण्यासारखं पिता. आता अशा जेवणाबरोबर तीन दुधांचा ओर्चाता प्यायलात तर दुसऱ्या घासाला पोट भरेल. तिथला ओर्चाता पातळच असतो आणि तो पातळच असायला हवा.

साक्याचं म्हणाल तर तिकडे तो सगळ्यांकडेच बसतो. बाजारात मोठ्या काचेच्या बरण्या मांडलेल्या असतात, 'वित्रोलेरो' म्हणतात त्यांना. ओर्चात्याच्या बरणीत लांब दांड्याचा डाव असतो आणि विक्रेती प्रत्येक ग्लास भरायच्या आधी तळापासून ढवळते. अंबाडीच्या बरणीला ती इतकं ढवळत बसत नाही. म्हणजे तू ज्याला दोष म्हणतेस तो त्यांनी कधीच दोष मानला नाही, हाताशी डाव ठेवला आणि विषय संपवला.

दुधाबद्दल मात्र तुझ्याशी सहमत नाही. तिथेही कित्येक घरांत थोडं दूध घालतात. 'अस्सल' बिनदुधाचाच असं मेक्सिकोत कुणी छातीठोक सांगताना मी ऐकलं नाही. ते आपल्यासारख्या बाहेरच्यांनाच सुचतं.

खारीक
हिरवा_चाफा, जेवणासोबतचा मुद्दा पटला. मी तो दुपारी चार वाजता नुसता पिते, त्यामुळे पाणचट वाटत असावा. शेवटचं वाक्य वाचलंच नाही असं समजते. 😀

तरी प्रश्न कायम आहे. ढवळायला हरकत नाही, पण जिभेवर खरखर येते तिचं काय?

मोडकी_छत्री
खरखर आणि साका या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, उपायही वेगळे.

खरखर येते ती नीट न वाटल्या गेलेल्या कण्यांची. इंग्रजी पाकृंमध्ये सगळं पाणी एकदम ब्लेंडरमध्ये ओतायला सांगतात. भरपूर पाण्यात तांदूळ पात्यांपासून नुसते पळत राहतात. भिजलेले तांदूळ निथळून, बुडतील न बुडतील इतक्याच पाण्यात आधी गंधासारखे वाटून घ्या आणि उरलेलं पाणी मागाहून घाला. इकडून नेलेला मिक्सर असेल तर त्याचं लहान भांडं या कामाला ब्लेंडरपेक्षा सरस. मात्र थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलं की भांडं तापतं, का ते पुढे येईल.

साका म्हणजे तांदळाचा स्टार्च. त्याचे कण फारच बारीक असतात, साधारण ३ ते ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बटाट्याच्या स्टार्चचे मोठे कण १०० मायक्रॉनपर्यंत जातात, यावरून अंदाज घ्या. त्यामुळे मलमल दुहेरी करा नाहीतर चौहेरी, तो गाळून निघणार नाही. आणि थंड पाण्यात स्टार्च विरघळत नाही, नुसता तरंगतो आणि सावकाश खाली बसतो. साखर विरघळते तसा हा विरघळेल अशी आशा सोडा.

तो पाणी धरतो उष्णतेने. साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सियसच्या दरम्यान (तांदळाच्या जातीप्रमाणे मागेपुढे) कण फुगतात, फुटतात आणि पाणी दाट होतं. म्हणून भांडं तापू द्यायचं नाही आणि भिजवायला उकळतं पाणी घ्यायचं नाही. नाहीतर गाळताना फडक्यावर चिकट लगदा अडून बसतो.

पण हीच गोष्ट आपल्याला वापरता येते. गाळून झालेल्या पाच वाट्यांतली अर्धी वाटी तळापासून ढवळून काढून घ्यायची. मंद आचेवर सतत हलवत ठेवायची. एकदम दाट होते, तेव्हा उतरवायची. पूर्ण गार झाली की थोड्या ओर्चात्याबरोबर मिक्सरमधून काढून बाकीच्यात मिसळायची. उरलेला कच्चा स्टार्च त्या दाटपणात पुष्कळ वेळ तरंगत राहतो. अर्ध्या वाटीपेक्षा जास्त शिजवू नका. शिजलेला स्टार्च फ्रीजमध्ये आणखी घट्ट होतो आणि दुसऱ्या दिवशी चमच्याने खावं लागेल.

काठावर_पास
म्हणजे ओर्चात्याला पेजेची फोडणी.

जुना_कंदील
मोडकी_छत्री, दंडवत. वाखुसा (वाचनखूण साठवली आहे).

पावशेर
इतका खटाटोप करण्यापेक्षा फ्रीजमधून दुधाची पिशवी काढणं सोपं नाही का? विचारतोय आपलं.

उंबरठा
दोन्ही पक्ष तांदूळ आणि दुधावर भांडताहेत. चव ज्यावर अवलंबून आहे त्या दालचिनीवर कुणीच बोलत नाही.

मेक्सिकोत 'कानेला' म्हणून मिळते ती सिलोनी दालचिनी. श्रीलंकेच्या दालचिनीचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक देश मेक्सिकोच आहे. आपल्या किराणा दुकानात दालचिनी म्हणून जी जाड, कडक साल मिळते ती बहुतेकदा कॅसिया. अमेरिकेतल्या सुपरमार्केटमधली पूडही तीच. दोघींचा स्वभाव वेगळा. कॅसिया तिखट आणि उग्र, सिलोनी सौम्य, किंचित गोडसर, लिंबाच्या सालीकडे झुकणारी. ओर्चात्यात दालचिनी कच्चीच वाटली जाते, त्यामुळे फरक लपत नाही.

शिवाय वाटण्याची सोय. कानेला भिजली की मिक्सरमध्ये सहज चुरा होते. कॅसिया पात्यांवर खडखड वाजते. कॅसियाची पूड पाण्यात घालून ठेवली तर बुळबुळीत होते ते निराळंच. खारीक, तुझ्या गाळण्यावर तार सुटत असेल तर तांदळाला बोल लावण्याआधी दालचिनी बघ.

गच्ची
ओळखायची कशी पण? दुकानदाराला विचारलं तर तो 'एकदम ओरिजिनल' एवढंच सांगतो.

उंबरठा
कांडीचं टोक बघायचं. सिलोनी असेल तर विडीसारखी आत पातळ पापुद्र्यांची भरगच्च गुंडाळी दिसते, रंग फिकट तपकिरी, आणि बोटांनी मोडते. कॅसियाची एकच जाड साल आत वळलेली असते, मध्ये पोकळ, रंग लालसर गडद. बोटांनी मोडायला जाल तर बोट दुखेल. टेक्सासात मेक्सिकन किराणा दुकानं पावलोपावली आहेत, तिथे पाकिटावर 'कानेला' असं लिहिलेलं मिळेल.

हिरवा_चाफा
बरोबर. आणि कांडी तांदळाबरोबरच भिजवायची. आमच्या घरमालकीणबाई आधी तांदूळ कोरडेच जरा भाजून घ्यायच्या. रंग बदलू द्यायच्या नाहीत, वास सुटला की बंद. त्याने चवीला खमंगपणा येतो, पण मला स्वतःला न भाजलेलाच आवडतो. भाजलेला थंड झाल्यावर जरा जड लागतो.

दुपारचा_चहा
उंबरठा यांच्या मुद्द्याला पुरवणी. कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य बऱ्यापैकी असतं, सिलोनी दालचिनीत नावापुरतं. ते जास्त गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम अशी धरली आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. कधीतरी एक ग्लास प्यायल्याने काही होत नाही, पण उन्हाळाभर रोज जगच्या जग करणार असाल तर कानेला आणलेली बरी.

पावशेर
खारीक, बघा. तुम्ही दुधाला शत्रू समजत होता, निघाली दालचिनी.

निवडुंग_नाना
वाद वाढवायला आलोय. आमचं वास्तव्य स्पेनमधल्या वॅलेन्सियात. मूळ ओर्चाता इथला, आणि त्यात तांदळाचा दाणासुद्धा नसतो. 'चुफा' नावाच्या बारीक गाठींपासून करतात. शास्त्रीय नाव सायपेरस एस्क्युलेंटस, आपल्या नागरमोथ्याचाच भाऊबंद. शेतात लव्हाळ्यासारखं गवत वाढतं आणि जमिनीखाली या गाठी धरतात. भिजवायच्या, वाटायच्या, पिळायच्या, साखर घालायची. शहराला लागून अल्बोराया गाव आहे, त्याची ओळखच ओर्चाता. सोबत 'फार्तोन' म्हणून लांबट गोड पाव मिळतात, ते बुडवून खायचे.

दूध घालता का विचाराल तर इथले लोक तुमच्याकडे बघत राहतील. चुफामध्येच तेल बऱ्यापैकी असतं, म्हणून त्याला मुळात दाटपणा आहे. आणि मोडकी_छत्री म्हणतात ते इथेही लागू: चुफात स्टार्च आहे, त्यामुळे ताजा ओर्चाता तापवत नाहीत, तापवला तर खळ होते. म्हणूनच तो ताजा आणि थंडच विकतात, आणि टिकतो कमी.

खारीक
निवडुंग_नाना, रोचक आहे, पण धागा चुफावर नेऊ नका. हा धागा तांदळाचा आहे, आणि त्याला दालचिनी लागते.

निवडुंग_नाना
नेत नाही, उलट तुमचं उत्तरच देतोय. चुफात तेल असतं आणि तांदळात नसतं, एवढाच सगळा फरक. तांदळात तेलाची भर घाला. बदाम घाला.

हिरवा_चाफा
अगदी. आणि ही काही बाहेरून चिकटवलेली शक्कल नव्हे, मेक्सिकोत बदाम घातलेला ओर्चाता जुनाच आहे, युकातानकडे विशेष. १ वाटी तांदळाला पाव वाटी सोललेले बदाम, तांदळाबरोबरच भिजवायचे. बदामाच्या वजनातलं जवळपास निम्मं तेल असतं, ते वाटताना पाण्यात मिसळतं आणि रंगही दुधाळ येतो. खरबुजाच्या बियांचाही करतात. बाकीच्या आग्वांसाठी खरबूज कापलं जातंच, त्याच्या बिया टाकून न देता धुऊन वाटायच्या. आणि कांपेचेकडे नारळाचा.

तिरपागडी
नारळाचा!! आधी का नाही सांगितलं कुणी? नारळाचं दूध चालतं का धागाकर्तीच्या संविधानात?

खारीक
चालतं. गाईचं नको, एवढंच कलम आहे.

पावशेर
म्हैस?

जुना_कंदील
😂😂

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. या पेल्यात मेक्सिकोचं स्वतःचं काय आहे ते मोजा. तांदूळ आशियाचा, स्पॅनिशांबरोबर आलेला. दालचिनी श्रीलंकेची. ऊस मूळचा न्यू गिनीकडचा. बदाम पश्चिम आशियाचे. गाई स्पॅनिशांनी जहाजातून आणलेल्या. उरला तो खारीकताईंनी 'थोडा' घातलेला व्हॅनिला. तो मात्र अस्सल तिथला, वेराक्रुसकडच्या तोतोनाक लोकांचा. म्हणजे सगळ्यात कमी पडतो तो जिन्नसच खरा मेक्सिकन.

१५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं मनिला ते अकापुल्को जहाजं चालत होती, जाताना चांदी, येताना रेशीम, चिनी मातीची भांडी आणि मसाले. त्यामुळे पॅसिफिकच्या बाजूनेही आशिया मेक्सिकोच्या स्वयंपाकघरात पोचत होता. अशा पेयाच्या बाबतीत 'मूळ कृती' हा शब्द जरा जपून वापरावा असं माझं मत.

निवडुंग_नाना
मी वॅलेन्सियाला 'मूळ' म्हटलं त्याला हा टोमणा होता, पोचला.

हिरवा_चाफा
जुना_कंदील, मेक्सिकोतल्या वाहाकाला गेलात तर तुमचं गणित बदलेल. तिथे ओर्चात्यात वरून लालजर्द 'तुना' घालतात, म्हणजे निवडुंगाच्या फळाचा गर. शिवाय खरबुजाचे तुकडे आणि अक्रोड किंवा पेकान. पांढऱ्यावर लाल पसरतं ते बघण्यासारखं असतं. निवडुंग आणि पेकान दोन्ही तिकडचेच. चमचा घेऊनच बसावं लागतं.

निवडुंग_नाना
निवडुंगाचा उल्लेख झाल्याने मी भरून पावलो.

खिडकीतली_मनी
एल साल्वादोरमधल्या मैत्रिणीने तिच्याकडचा दिला होता, तो वेगळाच. 'मोरो' नावाच्या झाडाच्या बिया, तीळ, कोको, दालचिनी, तांदूळ असं सगळं भाजून पूड करतात आणि पाण्यात किंवा दुधात कालवतात. रंग मातकट, चव थेट भाजलेल्या दाण्यांकडे जाणारी. पोर्तो रिकोत नुसत्या तिळाचा करतात म्हणे ती. आणि इक्वेडोरच्या लोहा शहरात याच नावाने जे मिळतं तो वेगवेगळ्या पानाफुलांचा गुलाबी काढा असतो! नाव सगळीकडे एकच, आत काय निघेल याचा भरवसा नाही.

बोरूबहाद्दर
आम्ही व्हेनेझुएलात काराकासला होतो, तिथे 'चिचा' पितात. तोही तांदूळ, साखर, दालचिनी, पण तांदूळ चांगला मऊ शिजवून दुधाबरोबर घोटतात. वर कंडेन्स्ड मिल्कची धार आणि दालचिनीची पूड. तो अतिशय दाट. खारीक यांना जो दाटपणा हवा आहे तो शिजलेल्या तांदळाचा आहे, आणि हट्ट कच्च्या तांदळाचा. दोन्ही एका ग्लासात कसं मिळणार?

मोडकी_छत्री
अर्धी वाटी शिजवून मिळेल. वर लिहिलंय. लोक धागा वाचत नाहीत.

बोरूबहाद्दर
वाचला आता. माफी असावी.

हिमगौरी_२
जपानमधून हजेरी. इथला 'आमाझाके' तांदळाचाच, पण साखर अजिबात न घालता गोड. मऊ शिजवलेल्या भातात कोजी, म्हणजे विशिष्ट बुरशी चढवलेले तांदूळ मिसळून ५५ ते ६० अंशांवर काही तास ठेवतात. कोजीतली विकरं (एन्झाइम) स्टार्चची साखर करून टाकतात. वरून किसलेलं आलं. हिवाळ्यात गरम, उन्हाळ्यात गार. मोडकी_छत्री यांनी सांगितलेला स्टार्चचा प्रश्नच इथे मुळातून निकालात निघतो, कारण स्टार्च उरतच नाही फारसा.

साखर टाळणाऱ्यांना म्हणून सुचवणार होते, पण साखर ती साखरच, घातलेली असो की तयार झालेली.

गच्ची
साखरेवरून आठवलं. अर्धी वाटी साखर नेहमी कमी पडते असं कुणाला वाटतं का? पातेल्यात चाखताना बरोबर लागते, ग्लासात अळणी.

उंबरठा
गार पदार्थात जिभेला गोडवा कमी जाणवतो, त्यात बर्फ वितळून पाणी वाढतं. गार नसताना चाखाल तर किंचित जास्तच गोड लागला पाहिजे. किंवा ओर्चात्याचाच बर्फ करून ठेवा.

तिरपागडी
पिलोन्सियो घालून बघा, तिकडचा गूळ तो. रंग मळकट होतो, पण चव सुरेख.

खारीक
तिरपागडी, मळकट रंग नको. ओर्चाता पांढराच हवा.

काठावर_पास
एकेका पोस्टबरोबर नवं कलम.

सांजसावली
एक शंका. रात्रभर भिजवायचं म्हणजे ओट्यावर की फ्रीजमध्ये? आमच्याकडे उकाडा फार आहे. आणि माझी मुलगी तीन वर्षांची आहे, तिला दिला तर चालतो का? ती दूध पीत नाही, म्हणून तांदळाचं दूध समजून रोज हाच द्यावा असा घरातून आग्रह होतोय.

दुपारचा_चहा
फ्रीजमध्येच. कच्च्या तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. उकाड्यात रात्रभर ओलं राहिलं की ते वाढायला लागतात, आणि ओर्चाता तर शिजवतही नाही आपण. उकळलं तरी त्याचं उलटी करवणारं विष उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे 'नंतर उकळून घेऊ' हा उपाय नाही. फ्रीजमध्ये भिजायला जास्त वेळ लागतो एवढंच. आंबूस वास आला तर सरळ ओतून टाका.

मुलीबद्दल: कधीतरी घोट दोन घोट वेगळं, पण दुधाऐवजी रोज नको. तांदळात जमिनीतून आणि पाण्यातून आलेलं आर्सेनिक थोडंफार असतं. ब्रिटनची आरोग्यसेवा पाच वर्षांखालच्या मुलांना आईच्या, पावडरच्या किंवा गाईच्या दुधाला पर्याय म्हणून तांदळाची पेयं देऊ नका असं स्पष्ट सांगते, त्याचं कारण हेच. शिवाय दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम यात नाही. काय द्यायचं ते तिच्या डॉक्टरांना विचारा.

पावशेर
मी पहिल्या प्रतिसादात काय म्हटलं होतं?

दुपारचा_चहा
पावशेर, तुम्ही ते वेगळ्या कारणासाठी म्हटलं होतंत.

गच्ची
मग आर्सेनिक कमी करायला भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं का? काही पाकृंमध्ये त्याच पाण्यात वाटतात.

उंबरठा
आधी तांदूळ खळखळून धुवायचे, मग भिजवायचे. मी भिजवलेलं पाणी टाकते आणि ताज्या पाण्यात वाटते. दालचिनीचा थोडा अर्क त्या पाण्याबरोबर जातो हे खरं, म्हणून कांडी वेगळ्या वाटीत भिजवते, ते पाणी मात्र वापरायचं.

हिरवा_चाफा
मला ही काटकसरीची पाणीवाटप योजना आवडली. तांदूळ आणि दालचिनी एकत्र भिजवण्याची माझी शिफारस मागे घेत नाही, पण पर्याय चांगला आहे.

तिरपागडी
चोथ्याचं काय करता? टाकवत नाही.

काठावर_पास
धिरडी. दालचिनीचा वास येतो, त्यावर गूळतूप. मिरची घालायचा मोह आवरा.

खिडकीतली_मनी
आणि कुणी कॉफी घालून प्यायलं आहे का? अमेरिकेत 'डर्टी ओर्चाता' म्हणून मिळते, बर्फावर ओर्चाता आणि त्यावर एस्प्रेसो. दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र दुकानात विचारूनच घ्यावा. तांदळाचा आहे म्हणजे बिनदुधाचा असेल असं गृहीत धरू नका, बहुतेक ठिकाणी दूध असतंच, तयार अर्कातून करतात तिथे तर अर्कातच असू शकतं.

निवडुंग_नाना
चुफाच्या ओर्चात्यातही कॉफी छान लागते. बोललो फक्त.

खारीक
शनिवारी पाहुणे होते, त्यामुळे धाग्यावर यायला उशीर. सगळ्यांच्या सूचना एकत्र केल्या आणि दोन जग केले.

पहिल्यात फक्त पाव वाटी बदाम. मेक्सिकन दुकानातून आणलेली कानेला. तांदूळ कमी पाण्यात वाटून घेतले, खरखर संपली, त्यात शंका नाही. चव फारच सुंदर. साका कमी झाला, पण बसतोच.

दुसऱ्यात बदाम नाही, फक्त मोडकी_छत्रींची अर्धी वाटी शिजवलेली. हा बराच वेळ तसाच राहिला, बर्फ वितळेपर्यंत साक्याचं नाव नाही. जिभेवर दुधासारखा गुळगुळीतपणा. मात्र दालचिनी थोडी दबते, पुढच्या वेळी कांडी मोठी घेईन. आणि गार झाल्यावर मिक्सरमधून काढण्याची पायरी टाळू नका, नाहीतर त्यात गोळ्या राहतील असं दिसतंय.

पाहुण्यांपैकी निम्म्यांनी बदामवाला उचलला, निम्म्यांनी शिजवलेला. दोन्हींत दूध आहे असं मात्र सगळ्यांना वाटलं.

पावशेर
म्हणजे इतकं करून शेवटी दुधासारखाच लागला.

खारीक
दुधासारखा लागला, पण खाली तांदूळही लागला. त्यात फरक आहे.

मोडकी_छत्री
दोन्ही एकत्र करून बघ. बदाम पाव वाटी, शिजवायचं अर्ध्या वाटीऐवजी पाव वाटी. दालचिनी दबते ते दाटपणामुळे. कांडी मोठी घेण्यापेक्षा वाढताना वरून चिमूटभर ताजी पूड टाक, वास आधी नाकाला जातो.

बोरूबहाद्दर
हा मिश्र प्रकार फ्रीजमध्ये किती टिकेल?

उंबरठा
बिनदुधाचा झाकून तीन दिवस, त्यापुढे मी ठेवत नाही. दूध घातलेला असेल तर दोन दिवसांत संपवा. झाकण घट्ट लावा, शेजारी कापलेला कांदा असेल तर ओर्चात्याला त्याचा वास लागलाच म्हणून समजा.

पावशेर
दूध घातलेला आमच्याकडे रात्रीपर्यंतही उरत नाही, त्यामुळे हा प्रश्न कधी पडला नाही.